व्हिसेराची बरणी : शवविच्छेदनाच्या टेबलापासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत

विषबाधेच्या खटल्यात प्रयोगशाळेकडून कोर्टात जातो तो एक-दोन पानांचा कागद. पोलीस, वकील, कारकून सगळे त्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. त्यात सुरुवातीलाच एक ठरलेले वाक्य असते : मोहोरा (बरणीवरचे लाखेचे ठसे) शाबूत आणि पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम. विष सापडले की नाही ते त्यानंतर येते. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे व्हिसेराच्या, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांच्या, बरण्या उघडल्यावर आणि त्यांच्याबद्दल कोर्टात उत्तरे दिल्यावर आमची खात्री झाली आहे, की उलटतपास निकालाच्या ओळीवर थोडा होतो आणि मोहोरेच्या ओळीवर खूप होतो. यंत्राला खोटे पाडणे अवघड असते. बरणी त्या यंत्रापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली, यातली फट शोधणे मात्र सोपे असते, कारण ती फट बहुतेक वेळा खरोखरच असते. म्हणून ही वाट आम्ही जशी पाहिली तशी, पायरीपायरीने लिहीत आहोत.

सगळ्यात मोलाचा नमुना शवविच्छेदनाच्या आधीच, बऱ्याचदा मोरीत जातो. विषारी औषध पिऊन आलेल्या माणसाला दवाखान्यात आणल्यावर नळी घालून पोट धुतात. त्या पहिल्या धुण्याच्या पाण्यात विष जेवढे असते तेवढे पुढे कुठेच मिळत नाही. माणूस चार-पाच दिवस उपचार घेऊन दगावला, तर जठरात आणि यकृतात शोधण्यासारखे फारसे उरत नाही. शरीराने ते मोडून, लघवीवाटे बाहेर टाकलेले असते. म्हणून पोट धुतलेले पहिले पाणी स्वच्छ बाटलीत भरून, त्यावर रुग्णाचे नाव, एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून नोंदलेल्या रुग्णाचा) क्रमांक, तारीख, वेळ आणि डॉक्टरांची सही घेऊन फ्रीजमध्ये ठेवायचे आणि पोलिसांना पावती घेऊन द्यायचे. दाखल करताना काढलेल्या पहिल्या रक्ताचेही तसेच. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता डॉक्टर आणि नर्स जीव वाचवण्याच्या मागे असतात, बाटलीची आठवण राहत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोट धुण्याच्या सामानातच लेबल लावलेली रिकामी बाटली ठेवलेली असेल, तर मात्र ती भरली जाते, असा आमचा अनुभव आहे.

घटनास्थळी तपासी अंमलदाराला सापडणारी कीटकनाशकाची बाटली, पेला, ओकारी लागलेली चादर, धान्यात ठेवायच्या गोळ्यांची नळी हे सगळे पंचनाम्यात येते. यातली चूक एकच आणि कायमची : बाटली आणि व्हिसेरा एकाच खोक्यात घालून पाठवणे. झाकण जरा सैल असले की बाटलीतले औषध खोकेभर वास करते. मग बचाव पक्षाचा वकील विचारतो, बरणीत सापडलेले औषध मृताच्या पोटातले की शेजारच्या बाटलीतले? याला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. बाटली वेगळी, तिला प्लास्टिकची पिशवी, वर वेगळे खोके, वेगळी मोहोर. ओकारी लागलेला कपडा आधी सावलीत वाळवायचा, मग कागदात गुंडाळायचा; ओला कपडा प्लास्टिकमध्ये बांधला की दोन दिवसांत बुरशी धरतो.

आता शवविच्छेदन. नेहमीच्या पद्धतीत व्हिसेराच्या दोन बरण्या आणि रक्ताची एक बाटली होते. पहिल्या बरणीत जठर आणि त्यातला ऐवज, शिवाय लहान आतड्याचा वरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा तुकडा, तोही आतल्या ऐवजासकट. दुसरीत यकृताचे सुमारे ५०० ग्रॅम, पित्ताशयासह, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग आणि प्लीहेचा तुकडा. दोन्ही मूत्रपिंडांतून घ्यायचे, कारण एक आजारी असू शकते. रक्त किमान १० मि.ली., तेही मांडीच्या शिरेतून. छातीच्या पोकळीत साचलेले रक्त ओंजळीने भरलेले येते, ते उपयोगाचे नाही. जठरातले औषध मृत्यूनंतर शेजारच्या अवयवांत झिरपते आणि तिथल्या रक्तात आकडा फुगतो. लघवी मिळाली तर १०० मि.ली.पर्यंत.

यकृत पाचशे ग्रॅम का, असे नवीन डॉक्टर विचारतात. कारण प्रयोगशाळेत ते एकाच चाचणीला लागत नाही. बाष्पनशील, म्हणजे वाफ होऊन उडणाऱ्या विषासाठी एक वाटा, सेंद्रिय विषासाठी एक, धातूंसाठी एक, आणि फेरतपासणीसाठी राखून ठेवायचा एक. पन्नास ग्रॅमचा तुकडा आला की पहिल्या दोन चाचण्यांतच संपतो, आणि दोन वर्षांनी न्यायालयाने पुन्हा तपासा म्हटले की दाखवायला काही राहत नाही.

अवयव कशात बुडवायचे यावर बहुतेक प्रकरणांचे भवितव्य ठरते. साध्या खाण्याच्या मिठाचे संपृक्त द्रावण हेच नेहमीचे आणि सगळ्यात भरवशाचे. संपृक्त म्हणजे बरणीच्या तळाशी न विरघळलेले मीठ दिसले पाहिजे. चमचाभर मीठ घातलेले पाणी चालत नाही, त्यात अवयव सडतात. गंधकाम्लासारख्या जाळणाऱ्या आम्लाचा संशय असेल तर रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे तीव्र अल्कोहोल, वापरतात. पण मद्य, फॉस्फरस, कार्बोलिक आम्ल, क्लोरल हायड्रेट, क्लोरोफॉर्म यांपैकी कशाचाही संशय असेल तर स्पिरिट वर्ज्य. मद्याच्या बाबतीत कारण उघड आहे. फॉस्फरस अंधारात चमकतो, ती चमक स्पिरिटमुळे दिसेनाशी होते. आणि फॉर्मॅलिन रासायनिक तपासणीसाठी कधीच नाही. फॉर्मॅलिनने ऊती घट्ट होतात, विष त्यातून बाहेर काढता येत नाही. दुर्दैवाने त्याच टेबलावर सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी १० टक्के फॉर्मॅलिनची बरणी तयार असते आणि घाईत अदलाबदल होते. आमच्याकडे बरणी उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास आला की पुढच्या अर्ध्या कामावर पाणी पडले हे कळते. रक्तासाठी १० मि.ली.ला १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि ३० मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट. फ्लोराइड नसेल तर रक्तातले जंतू साखरेपासून स्वतःच अल्कोहोल तयार करतात, आणि दारूला कधी न शिवलेला माणूस कागदावर प्यायलेला ठरतो. कुजलेल्या मृतदेहाच्या रक्तात अल्कोहोल आले तर त्याचा अर्थ लावताना हेच लक्षात ठेवावे लागते.

जे द्रावण वापरले त्याचा २५-३० मि.ली. कोरा नमुना वेगळ्या बाटलीत मोहोर करून पाठवायचा असतो. हा नमुना सर्रास विसरला जातो. मिठातच काही होते का, या प्रश्नाला तीच बाटली उत्तर देते.

बरणी रुंद तोंडाची, काचेची, साधारण एक लिटरची. अवयव द्रावणात पूर्ण बुडले पाहिजेत, पण बरणी दोन तृतीयांशच भरायची. कुजताना वायू धरतो. काठोकाठ भरलेली बरणी उन्हाळ्यात एसटीच्या प्रवासात फुटते किंवा झाकण उडते. झाकण लावले की त्यावर कापड, कापडावर सुतळीचे दोन फेरे, गाठ बरणीच्या मानेवर. मग लाख वितळवून गाठीवर आणि सुतळी जिथे एकमेकींना छेदते तिथे टाकायची, आणि ती गरम असतानाच पितळी मोहोर दाबायची. लाख आधी थंड झाली तर ठसा अर्धवट उठतो, अक्षरे वाचता येत नाहीत. लाखेखाली गाठ आली नाही तर सुतळी सरकवून झाकण उघडता येते आणि मोहोर मात्र अखंडच दिसते. अशी मोहोर लावणे न लावणे सारखेच. ठसा डॉक्टरांच्या मोहोरेचा हवा. रुपयाच्या नाण्याचा किंवा अंगठ्याचा ठसा आम्ही पाहिला आहे, तो कोणाचाच नसतो.

लेबलवर शवविच्छेदन क्रमांक व तारीख, मृताचे नाव, वय, लिंग, पोलीस ठाणे, अकस्मात मृत्यूचा किंवा गुन्ह्याचा क्रमांक, आतले अवयव, वापरलेले द्रावण, डॉक्टरांचे नाव आणि सही. लेबल झाकणावर चिकटवू नये. झाकणे बदलतात, बरणी बदलत नाही. शाई पाण्याने पसरणारी नको. आणि त्याच मोहोरेचा ठसा वेगळ्या कागदावर घेऊन, त्यावर डॉक्टरांनी सही करून, तो कागद बंद पाकिटात द्यायचा. प्रयोगशाळा बरणीवरचा ठसा याच कागदाशी ताडून पाहते. हा कागद नसेल तर ‘नमुन्याबरहुकूम’ हे शब्द लिहिता येत नाहीत, आणि ते शब्द नसलेला अहवाल कोर्टात लंगडा होतो.

शवविच्छेदनाच्या अहवालात डॉक्टर लिहितात : मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला. इथून बरणी पोलिसांच्या हाती जाते. बरणी देणाऱ्याची सही, घेणाऱ्या हवालदाराचे नाव, बक्कल नंबर, तारीख आणि वेळ. वेळ फार महत्त्वाची आहे. तीन वाजता बरणी घेतली आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची नोंद असेल, तर मधले अठरा तास बरणी कुठे होती? बहुतेक वेळा उत्तर साधे असते : हवालदार बंदोबस्ताला गेला, बरणी गाडीत राहिली. त्याने तिला हातही लावलेला नसतो. पण तसे स्टेशन डायरीत लिहिलेले नसेल, तर सात वर्षांनी साक्षीत ते सांगून कोणी विश्वास ठेवत नाही.

मुद्देमाल खोलीत बरणी किती दिवस राहावी? खरे उत्तर : एकही दिवस नाही. प्रत्यक्षात आठवडे जातात. पत्र तयार नसते, सही राहिलेली असते, वाहक मिळत नाही, चार प्रकरणांची एकत्र फेरी मारू म्हणून थांबतात. धान्यातल्या गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या प्रकरणात हा उशीर घातक ठरतो. या गोळ्यांतून सुटणारे फॉस्फिन हा वायू आहे; बरणीचे झाकण जेवढे सैल आणि दिवस जेवढे जास्त, तेवढा तो उडून जातो. मोहोरेबाबत आणखी एक गोष्ट : जी मोहोर वापरली ती आणि बरणी एकाच हातात राहू नयेत. उलटतपासात ‘मोहोर कोणाच्या ताब्यात होती?’ हा प्रश्न ठरलेला आहे, आणि ‘माझ्याच कपाटात’ हे उत्तर सरकारी वकिलाला घाम फोडते.

प्रयोगशाळेला पाठवायच्या पत्राला जावक क्रमांक हवा, सोबत एफआयआर किंवा अकस्मात मृत्यूच्या खबरीची प्रत, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, रुग्णालयाचे उपचारपत्र, मोहोरेचा नमुना आणि वाहकाचे अधिकारपत्र. परत पाठवण्याची कारणे फार किरकोळ असतात. बरणीवर ‘सुनिता’, पत्रात ‘सुनंदा’. लेबलवर वय ३५, पंचनाम्यात ५३. पत्राची तारीख शवविच्छेदनाच्या आदल्या दिवसाची, कारण जुन्या पत्राची फाइल उघडून त्यातच नवी नावे भरली. वाहक दोनशे किलोमीटरवरून आलेला असतो, त्याला तसेच परतावे लागते, आणि बरणी पुन्हा त्याच खोलीत जाते.

पत्रातला प्रश्नही नीट लिहिला पाहिजे. ‘विष आहे किंवा कसे’ एवढेच विचारले, तर प्रयोगशाळा नेहमीची विषे तपासते : कीटकनाशके, अल्कोहोल, सायनाइड, फॉस्फाइड, काही औषधे, धातू. सर्पविष या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. साप चावल्याचा संशय असेल तर दंशाभोवतीची कातडी आणि तुलनेसाठी दुसऱ्या बाजूची तशीच कातडी वेगळी पाठवावी लागते. कण्हेर, धोतरा अशा वनस्पतींचा संशय असेल तर तसे लिहावे. शेतात कोणते औषध फवारत होते, घरात कोणती बाटली मिळाली, ओकारीला वास कसला होता, हे दोन ओळींत लिहिले तरी आमचे काम कितीतरी नेमके होते. ‘तपासावर परिणाम होईल’ म्हणून माहिती लपवण्याची काही ठाण्यांत पद्धत आहे. ती चुकीची आहे. कुठे शोधायचे तेवढे त्या माहितीतून कळते. काय सापडायचे ते बरणीच ठरवते.

महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमध्ये चालते. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला, आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा. खिडकीवर मुद्देमाल घेतला जातो तेव्हा कर्मचारी मोहोरा मोजतो, प्रत्येक ठसा नमुन्याशी ताडतो, काही तुटले असेल तर वाहकासमोरच लिहून घेतो, आणि प्रयोगशाळेचा क्रमांक देतो. वाहकाला मिळणारी पावती ही त्याची ढाल आहे. ती मुद्देमाल रजिस्टरला डकवलेली असावी. खिशात राहून धुतल्या गेलेल्या पावतीने खटले अडले आहेत.

बरणी उघडण्याआधी वजन आणि मोहोरेची नोंद. उघडली की आधी नाक : लसणासारखा वास फॉस्फाइडची आठवण करतो, काही कीटकनाशकांना रॉकेलसारखा द्रावकाचा वास असतो. जठराच्या आतल्या आवरणाला करडी भुकटी चिकटलेली असेल, निळसर किंवा हिरवट रंग असेल, दाणेदार काही असेल तर ते आधी वेगळे काढायचे. मग सामू. फॉस्फाइडची साधी चाचणी अशी : थोडा ऐवज चंचुपात्रात आम्लाबरोबर घेऊन तोंडावर सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला कागद ठेवायचा, तो काळा पडला तर फॉस्फिन असू शकते. ‘असू शकते’ यासाठी, की कुजलेल्या मांसातून निघणारा हायड्रोजन सल्फाइडही तो कागद काळा करतो. म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा कागद ठेवतात. दोन्ही काळे झाले तर सल्फाइड आहे, ते आधी काढून मगच पुढे जायचे. लेड ॲसिटेट पांढरा आणि सिल्व्हर नायट्रेट काळा, तर फॉस्फिन. हा दुसरा कागद लावला होता का, हे नोंदवहीत असले पाहिजे. हुशार वकील तेवढेच विचारतो.

सेंद्रिय विषासाठी यकृत बारीक करून, निर्जल सोडियम सल्फेटमध्ये खलून पाणी शोषून घेतात, मग हेक्झेन किंवा तशा द्रावकात विष उतरवतात, गाळून आटवतात. त्याचा ठिपका सिलिका जेलच्या पट्टीवर, शेजारी तुलनेसाठी शुद्ध मानक औषधाचा ठिपका, आणि कोऱ्या द्रावणाचा तिसरा. पट्टी द्रावकात चढते, वर फवारा मारला की ठिपके रंग धरतात. नमुन्याचा ठिपका मानकाच्याच उंचीवर आणि त्याच रंगाचा, आणि कोऱ्या द्रावणाच्या वाटेवर काही नाही, तर पुढे गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटर या घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर खात्री करायची. नुसत्या पट्टीच्या भरवशावर अहवाल देणे पूर्वी चालत असे. आज ते पुरेसे धरू नये.

इथे उपचारपत्र का हवे ते सांगतो. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकाने विषबाधा झालेल्या रुग्णाला अॅट्रोपिनची इंजेक्शने भराभर देतात. त्याच्या व्हिसेऱ्यात अॅट्रोपिन सापडते. धोतऱ्याच्या बियांतही अॅट्रोपिन आणि त्याची भावंडे असतात. रुग्णालयाचे कागद जोडलेले नसतील तर अहवालात ‘अॅट्रोपिन आढळले’ एवढेच येते, आणि कोर्टात कोणीतरी उभे राहून धोतरा घातल्याची गोष्ट रचतो. उपचारपत्राच्या एका पानाने हा सगळा गोंधळ टळतो.

विषाची मात्रा किती होती, हे न्यायाधीश जवळजवळ नेहमी विचारतात. व्हिसेराचा नेहमीचा अहवाल कोणते विष आहे ते सांगतो, किती होते ते सांगत नाही. कुजलेल्या, मिठात पडलेल्या यकृतातल्या आकड्यावरून मृत्यूच्या वेळची मात्रा काढणे योग्य नाही, आणि ते साक्षीत तसेच स्पष्ट म्हणावे.

‘विष आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ पोलीस आणि नातेवाईक दोघेही चुकीचा लावतात. ओकारी, पोट धुणे, उपचारांचे दिवस, उशीर, चुकीचे द्रावण, अपुरा अवयव, नेहमीच्या यादीबाहेरचे विष, यांपैकी काहीही कारण असू शकते. कायद्यानेही हे ओळखले आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे : अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. १९५६ मध्ये एका विधवा बाईंना त्यांचा डॉक्टर लागू पुण्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन गेला. बेशुद्धावस्थेत त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदन कित्येक दिवसांनी झाले, व्हिसेऱ्यात विष सापडले नाही. पण डॉक्टरने त्या जिवंत असल्याचे भासवून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा कायम केली. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांचा, एका न्यायमूर्तींनी वेगळे मत दिले. नकारात्मक अहवाल आला की फाइल बंद करणाऱ्या प्रत्येक तपासी अंमलदाराने हा निकाल एकदा वाचावा.

अहवाल आला म्हणजे काम संपले असे समजून तो फाइलला लावला जातो, ही आम्ही पाहिलेली सगळ्यात महागडी चूक. मत राखून ठेवले होते ते डॉक्टरांनी. अहवाल त्यांच्याकडे नेऊन मृत्यूच्या कारणाचे अंतिम मत लेखी घ्यावे लागते. तेवढी फेरी राहिली तर खटल्यात विष आहे, मृत्यू आहे, आणि विषाने मृत्यू झाला असे म्हणणारा कोणीच नाही. विम्याचा दावा लटकलेली कुटुंबेही बऱ्याचदा या एका कागदासाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत द्यावेच लागते, त्यामुळे ते ‘सीए अहवाल प्रलंबित’ असे लिहून जाते आणि अहवाल मागाहून पूरक म्हणून दाखल होतो. तो दाखल करायला विसरतात, हेही घडते. २०१४ मध्ये जोशिंदर यादव विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हिसेरा वेळेत पाठवून अहवाल न्यायालयापुढे आणण्याची जबाबदारी तपास यंत्रणेवर स्पष्टपणे टाकली आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे २९३, सांगते की रासायनिक विश्लेषकासारख्या ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा सहीचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतो. त्या यादीत हाफकिन संस्थेच्या संचालकांचेही नाव आहे. सही करणारा अधिकारी त्या यादीत बसतो का, हे सरकारी वकिलाने अहवाल हाती आल्या दिवशीच पाहावे. अहवालाला निशाणी क्रमांक, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक, पडला पाहिजे, आणि आरोपीच्या जबाबाच्या वेळी, कलम ३५१ खाली, त्यातला मजकूर आरोपीला विचारला गेला पाहिजे. न विचारलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

तज्ज्ञाला बोलावले तर त्याने मूळ नोंदवही, मुद्देमाल आवक रजिस्टरचा उतारा, पट्टीचे छायाचित्र आणि यंत्राचे आलेख बरोबर न्यावेत. नोंदवही पाहून आठवण ताजी करायला कायद्याची मुभा आहे, परवानगी मागून पाहावे. प्रश्न साधारण हेच : बरणी कोणी उघडली? तुम्ही स्वतः, की सहायकाने? ठसा कोणी ताडला? मानक औषध कुठून आले, त्याची मुदत होती का? कोऱ्या द्रावणाची तपासणी केली? बरणी खिडकीवर आल्यापासून तुमच्या टेबलावर येईपर्यंत कुठे होती, कपाटाची किल्ली कोणाकडे? सहायकाने काम केले असेल तर तसेच सांगावे, आणि ते आपल्या देखरेखीखाली झाल्याची नोंद दाखवावी. जे माहीत नाही ते ‘सांगता येत नाही’. मृत्यू कशाने झाला हे रसायनतज्ज्ञाने सांगू नये, तो डॉक्टरांचा प्रांत.

अहवाल सकारात्मक आला म्हणून खून सिद्ध होत नाही. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विषप्रयोगाच्या खुनासाठी चार गोष्टी मागितल्या : हेतू, मृत्यू त्याच विषाने झाला हे, विष आरोपीच्या ताब्यात होते हे, आणि ते देण्याची त्याला संधी होती हे. आमची बरणी यातल्या दुसऱ्या गोष्टीपुरतीच बोलते. तिसऱ्यासाठी ती घटनास्थळाची बाटली, दुकानदाराचे विक्रीपुस्तक आणि बाटलीवरचे बोटांचे ठसे. बाटली पुसून स्वच्छ करून पाठवणारे महाभाग असतात, म्हणून हे लिहितो.

या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने काही गोष्टी बदलल्या आहेत. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचे चित्रीकरण करायचे, असे कलम १७६ सांगते. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचेही चित्रीकरण बंधनकारक आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी आणखी काटेकोर नियम घातले : नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत, उशीर झाला तर कारण लेखी, खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचे नाही, आणि गोळा केल्यापासून निकालापर्यंत प्रत्येक हाताची नोंद असलेले रजिस्टर खटल्याच्या कागदांना जोडायचे. आदेश डीएनएपुरता आहे. तरी तेच रजिस्टर व्हिसेरासाठी आजच सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही. एक वही, सात रकाने : तारीख, वेळ, कोणी दिले, कोणी घेतले, मोहोरेची स्थिती, कुठे ठेवले, सही.

तपासणीनंतर उरलेला भाग बरणीत परत घालून प्रयोगशाळा स्वतःची मोहोर लावते आणि अहवालात तसे नमूद करते. फेरतपासणीचा अर्ज आला तर हीच बरणी लागते. तो भाग नष्ट करण्यापूर्वी प्रकरण न्यायप्रविष्ट आहे का, अपील बाकी आहे का, हे ठाण्याने लेखी कळवायचे असते. प्रयोगशाळेचे पत्र ठाण्याच्या आवक रजिस्टरला पडून राहते आणि उत्तर जात नाही. ते पत्र सापडले तर आजच उत्तर द्यावे.